झोपमोड

लेकीने दाराच्या कडीला फडकं गुंडाळलं आणि वरून दोरा करकचून आवळला. कडीचा आवाज बंद झाला. पलंगावर आईची बोटं मात्र चादरीची किनार चिमटतच होती.

आईची झोप ओळखायची तेवढी एकच खूण उरली होती. मेंदूतल्या रक्तस्रावापासून तिला धड शुद्ध नव्हती, डोळे कायम अर्धवट उघडे, हाक मारली तर ओ नाही. बोटं थांबली की झोप लागली म्हणायचं. आणि बोटं काही थांबत नव्हती. पडून राहून पाठीला झालेली जखमही झोपेअभावीच भरत नव्हती, असं डॉक्टर म्हणाले होते. "झोप मिळायला हवी यांना. पण गुंगीचं औषध नको, आहे ती शुद्धही जाईल. खोली शांत ठेवा."

शांततेसाठी लेकीने जिवाचं रान केलं. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, बिजागऱ्यांना तेल घातलं, खुर्चीच्या पायांना जुने मोजे चढवले, दूधवाल्याला बेल वाजवायची बंदी केली. आणि सगळ्यात आधी, आईला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी, बाबांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं. बाबांचं घोरणं अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. "रात्रपाळीला करवत चालते का हो तुमच्याकडे?" असं खालच्या मजल्यावरचे शेजारी विचारायचे. बाबा उशी काखेत मारून बाहेर गेले होते.

एवढं करूनही पालथ्या घड्यावर पाणी. लेकीला संताप यायचा आणि तो काढायला माणूस सापडायचं नाही. आईवर काढण्यात काय अर्थ होता? लेकीची शाळेतली बिनपगारी रजा संपत आली होती. धाकट्या भावाने एका शुश्रूषागृहात जागा बघून ठेवली होती आणि आज तो होकार घ्यायला येणार होता. "तिथे गुंगीचं देतात, मग पेशंट शांत पडून असतात," असं तो सहज बोलून गेला होता. ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण दुसरा काय उपाय आहे, असं त्याने विचारलं तेव्हा तिने आजपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

दुपार कलताना बाबा दारात येऊन उभे राहिले.

"जरा बसू का तिच्यापाशी?"

"बसा. पण डोळा लागू देऊ नका, बाबा. सांगून ठेवते."

"नाही लागू देत."

ते अंग चोरून खुर्चीत बसले. त्यांचे डोळे तांबारलेले होते. हल्ली बाहेरच्या खोलीतूनही घोरणं ऐकू येत नाही, हे लेकीच्या ध्यानात आलं होतं, पण तिला त्यात सोयच वाटली होती.

आईला नळीतून द्यायचं दूध गाळायला ती स्वयंपाकघरात गेली. अर्धंच गाळून झालं असेल, तोच आतून करवत सुरू झाली.

गाळणी ओट्यावर आपटून ती तरातरा आली. एक गोष्ट सांगितली होती यांना. एकच. बाबांची मान छातीवर कलली होती, तोंड उघडं होतं. त्यांना गदागदा हलवायला तिने हात उचलला, आणि सवयीने तिची नजर चादरीकडे गेली.

बोटं सैल पडली होती. किनार सुटली होती.

बाबांचं घोरणं मध्येच अडकलं, नेहमी अडकायचं तसं. आईचं एक बोट हललं, चाचपडत किनारीपाशी आलं. मग बाबांनी मोठ्याने श्वास ओढला, करवत पुन्हा चालू झाली, आणि बोट होतं तिथेच निवलं.

लेक पलंगाच्या पायथ्याशी बसली. स्वतःच्या शहाणपणाचा तिला इतका राग आला की डोळे भरून आले.

किती वेळ गेला कोण जाणे. फडकं बांधलेलं दार ढकलून धाकटा आत आला आणि जागीच थबकला.

"हे काय? बाबांना इथे झोपू कसं दिलंस? उठव आधी. आणि मला त्या लोकांना आजच कळवायचंय, तेव्हा..."

"हळू बोल," ती म्हणाली. "बाबांची झोपमोड होईल."