दोरीचं दुसरं टोक

"मरणाच्या दारात उभं राहिल्यावरच माणसाला आयुष्याचा अर्थ कळतो," पाट्या रंगवणाऱ्या थोरल्याने जाहीर केलं. ते दार दुसऱ्या स्कॅनच्या खोलीचं होतं आणि दवाखान्याच्या झग्याची नाडी मागून सुटली होती. धाकट्याने ती बांधली. अकरा वर्षांत भावाचा हात पाठीला लागला तो असा.

अकरा वर्षांपूर्वी एका लांबलचक पाटीवर अक्षरं उताराला लागली होती. खडू फासलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधे उचलून सोडायची, की सरळ रेघ उमटते. "तुझं टोक सैल होतं," थोरला गिऱ्हाइकासमोर म्हणाला. धाकट्याने ब्रश धुतले, पुसले आणि तो गेला. तेव्हापासून थोरला दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला बांधत आला. खिळा उलट बोलत नसे. बोलतच नसे, हीच पंचाईत होती.

मग पोट दुखायला लागलं, संध्याकाळचा ताप, वजन उतरलं. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ दिसली. डॉक्टर 'ट्यूमर' म्हणाले, आणि धाकटा एक बॅग घेऊन हजर झाला. तिसऱ्या दिवशी थोरल्याने मरणाऱ्याला शोभेल अशा आवाजात कबूल केलं, "टोक माझं सैल होतं रे."

आठवड्याने गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आला. "ट्यूमर नाही, पोटाचा टीबी," डॉक्टर म्हणाले. "सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. बरे व्हाल."

थोरल्याला आधी वाईटच वाटलं. ट्यूमरने भाऊ आणला होता; टीबी त्याला परत धाडणार होता.

घरी येताच धाकट्याने बॅग भरायला घेतली. "काय दादा, जगतोयस म्हणे. मग ते कबूल केलेलं मागे घेणार?"

"मरता माणूस काहीही बोलतो."

"म्हणजे टोक माझंच सैल?"

थोरला पुढच्या खोलीकडे वळला. तिथे अर्धवट पाटी भिंतीला टेकून उभी होती. सहा महिने गोळ्या मोजायला कुणीतरी हवं, असं वाक्य त्याने दवाखान्यापासून घोळवत आणलं होतं. ते ओठांशी येऊन बसलं, बाहेर काही पडेना.

"गाडी कितीची?"

"तास आहे अजून."

थोरल्याने दोरी खडूत घोळवली आणि भिंतीतल्या खिळ्याकडे पाठ करून, तो पुरता झाकला जाईल असा उभा राहिला.

"जाता जाता एवढं टोक धर जरा. खिळा कुठे गेलाय, सापडत नाहीये."