कोरा नमुना

माझ्या सासऱ्यांना सून म्हणून मी कधी फारशी पसंत नव्हते. पण गावठी कोंबडीच्या बाबतीत आमचं एकमत झालं आणि घरात शांतता नांदू लागली.

कारण होतं सर्वेश, माझा सात वर्षांचा मुलगा. वर्षभरात त्याला तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. तिसऱ्या वेळी ताप उतरेचना. रिपोर्टात चौदा औषधांची नावं होती, त्यातली अकरा निकामी. शेवटी दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, शिरेतून इंजेक्शनं. सुई दिसली की तो ओरडायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असले हट्टी जंतू कुठून आले ते छातीठोक सांगता येत नाही. उठसूट घेतलेल्या गोळ्या असतील, पाणी असेल, चिकन असेल. पण पुन्हा झालं तर माझ्याकडे फारशी औषधं उरलेली नाहीत."

मी त्यातला चिकन हा शब्द तेवढा उचलला, कारण माझी भाकरीच त्यावर आहे. अंधेरीला एमआयडीसीत अन्न तपासायची लॅब आहे, तिथे मी कोंबडीच्या मांसात औषधं किती उरलीत ते मोजते. एकेका शेडमध्ये हजारो पक्षी कोंबायचे आणि रोग नको म्हणून पाण्यातून औषध पाजत राहायचं, असा तो धंदा; त्या औषधांना सरावलेले जंतू मग आपल्यापर्यंत पोचतात. आमच्याकडे नमुने नुसते नंबर लावून येतात. कुठल्या फार्मचा, कुठल्या दुकानात जाणारा, काही कळत नाही, आणि कळलं तरी बाहेर बोलायचं नाही अशी सही करून दिलेली. म्हणजे काहीतरी वाईट आहे हे मला ठाऊक, कुठलं ते नाही. असं अर्धवट ज्ञान डोक्यात घेऊन मी इतकी वर्षं गोरेगावच्या बाजारातून चिकन आणलं आणि मुलाला भरवलं. याची मला लाज वाटते.

ते मी बंद केलं. पण दुसरं देणार काय? दूध, अंडी, कोळंबी, सगळंच आमच्या लॅबमध्ये येतं, आणि औषधं त्यातही सापडतात. तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे काशीराम, गिरणीतून निवृत्त झालेला तिखट माणूस, म्हणाले, "माझी भैण गावाक आसा मा! प्रेमा धाडीत कोंबडे."

प्रेमाआत्यांनी कोंबड्या धाडल्या. दर शनिवारी पहाटे कणकवलीहून येणारी बस हायवेवर थांबायची आणि भोकं पाडलेलं खोकं घेऊन बाबा रुबाबात घरी यायचे. कापणं, साफ करणं, खोबऱ्याचं वाटप वाटणं, सगळं तेच करायचे; मला ओट्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत. तीन महिन्यांत सर्वेश दोन किलोंनी भरला. मला पहिल्यांदा गाढ झोप लागू लागली.

आणि मग मला मिरवायची हौस आली.

गुरुवारी लॅबमध्ये माझा सहकारी चैतन्य कुरकुरत होता. "श्वेता, ब्लँक संपला यार. आता कुठून आणू?"

ब्लँक म्हणजे कोरा नमुना, औषधाचा कणही नसलेलं मांस. यंत्राला आधी ते दाखवायचं, म्हणजे शून्य कशाला म्हणतात ते त्याला समजतं. बाजारात असं मांस शोधताना आमची दर वेळी वाट लागते. मी शुक्रवारी फ्रीझरमधली मागच्या कोंबडीची कलेजी डब्यात घालून नेली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"घे. आमच्या आत्यांची. याहून कोरं तुला मुंबईत मिळणार नाही."

शनिवारी दुपारी त्याने मला हाक मारली. पडद्यावर जिथे सपाट रेघ हवी होती, तिथे सुळका उभा होता.

"दोनदा चालवला," तो हळूच म्हणाला. "औषध दुकानातल्यापेक्षा जास्त आहे गं."

मी जिन्यात जाऊन आत्यांना फोन लावला. कोंबड्यांना काही दिलं होतं का, एवढंच विचारलं.

"मगे! मरी इली हुती गो. शेजाऱ्याच्यो सगळ्यो मेल्यो. मी बाजारातसून पुडी हाडलंय, पाण्यात घातलंय. अजून घालतंय, एक दीस चुकवक नाय. सर्वेशासाठी ठेवलेल्यो कोंबड्यो, त्यो मी मरूक देतलंय काय?" आणि मग, "कसो आसा माझो झील? जेवता मा?"

"जेवतो सर्वेश," मी म्हटलं.

मला त्यांचा राग येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी ओरडता आलं असतं. औषध चालू असताना कोंबडी कापायची नसते, हे त्यांना कोण सांगणार होतं? मला माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं. गावठी म्हटल्यावर विचारायचं काय!

घरी पोचले तेव्हा दारातच वाटपाचा वास आला. माझा नवरा निलेश शिफ्टला गेला होता. सकाळी आलेली कोंबडी शिजली होती, बाबांनी तंगडी सर्वेशच्या ताटात वाढली होती आणि वडा मोडून त्याचा हात रश्श्यात बुडायच्या बेतात होता.

"थांब," मी म्हटलं आणि ताट ओढलं.

सर्वेशने माझ्याकडे बघितलं, सुईच्या वेळी बघायचा तसंच. मग मलाच समजावत म्हणाला, "आई, ही दुकानातली नाहीये. ही आपल्या आत्याआजीची आहे."

"काय झाला गो?" हातातला डाव तसाच धरून बाबांनी विचारलं.

आठ वर्षं मी नमुन्यांवर नाव नसतं म्हणून चिडत होते. आज नाव माहीत होतं, पत्ता माहीत होता, सहीचं बंधनही नव्हतं. मी बाबांकडे न बघता ताटाची कड घट्ट धरली.

ताटाची एक कड सर्वेशने धरली होती, दुसरी मी. दोघांनीही सोडली नाही.