चारशेंनी श्रीमंत

पलंगाखाली काय आहे, असं पाहणीबाईंनी विचारलं, तेव्हा लिफ्टवाल्याने खाली वाकून पत्र्याची पेटी ओढून बाहेर काढली आणि उघडून दाखवली. पाने, स्क्रू ड्रायव्हर, ग्रीसचा डबा, वापरून काळ्या पडलेल्या हातमोज्यांची चळत. बाईंनी हातमोजेसुद्धा उचलून पाहिले. त्यांच्याखाली काही नव्हतं. बाईंना ते आवडलं नाही.

रुग्णालयाच्या सहाय्य निधीतून शस्त्रक्रियेसाठी पैसे मागणारे खरोखर गरीब आहेत की नाहीत, हे त्यांच्या घरी जाऊन बघणं हे बाईंचं काम. सव्वीस वर्षं त्या हेच करत होत्या. न कळवता जायचं, शक्यतो सुट्टीच्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळेला. पडद्याचं कापड बघायचं, चपलांचे तळ बघायचे, शेजाऱ्यांशी गोड बोलायचं. निधीची मर्यादा होती महिना अठरा हजार. कचेरीत दोन ट्रे होते. मर्यादेच्या आतल्या अर्जांच्या ट्रेला सगळे ‘गरीब’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘श्रीमंत’. कधीतरी कुणीतरी थट्टेने म्हटलं असेल, पण आता शिपाईसुद्धा गंभीर चेहऱ्याने विचारायचा, ही फाइल श्रीमंतात टाकू का म्हणून. बाईंना सहकारी पाठीमागे भिंगबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं.

लोक अर्जात सतरा हजार आठशे लिहीत, सतरा पाचशे लिहीत. एखादा धीट असला तर बारा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाने अठरा हजार चारशे लिहिलं होतं. बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती, डॉक्टरांनी दोन महिन्यांच्या आत करा म्हणून सांगितलं होतं, आणि नवऱ्याने स्वच्छ अक्षरात मर्यादेच्या वर चारशे लिहून खाली सही ठोकली होती. मर्यादा माहीत नव्हती म्हणावं, तर ती अर्जाच्या डोक्यावरच ठळक छापलेली. अर्ज नियमाप्रमाणे सरळ श्रीमंतात गेला असता, पाहणीची गरजच नव्हती. पण बाईंच्या मनात पाल चुकचुकली. जिथे सगळे झाकतात तिथे एकजण उघडं करतो, म्हणजे त्याला त्याहून मोठं काहीतरी झाकायचं असणार.

खोली एकच होती. एक पलंग, एक खुर्ची, एक कपाट, भिंतीवरचा पंखा, आणि समोरच्या भिंतीवर माणूसभर उंचीचा आरसा. कडांना पितळी पट्टी. अशा आरशाची किंमत बाईंना साधारण माहीत होती. तो कुठून आणला, असं त्यांनी विचारलं. जुनी लिफ्ट मोडीत निघाली तेव्हा इमारतीच्या व्यवस्थापकाने दिला, असं तो म्हणाला, आणि कपाटातून एक कागद काढून पुढे धरला. आरसा मोफत दिल्याचं पत्र, सही-शिक्क्यासह.

“आरशाचं पत्र कोण घेतं?” बाईंनी विचारलं.

“लिफ्टवाला आरसा खांद्यावर घेऊन फाटकातून निघाला, की लोक काय म्हणतात, ते मला माहितीये,” तो म्हणाला.

बाईंनी वहीत ‘कागदपत्रे अति व्यवस्थित’ असं लिहून खाली रेघ मारली.

बायको उशांना टेकून बसली होती. ओठ निळसर, बोलताना दर चार शब्दांनी थांबत होती. डोळे मात्र मिश्कील होते. इतका वेळ ती बाईंच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. तिने विचारलं, “बाई, तुमच्याकडे... किती असलं म्हणजे... श्रीमंत म्हणतात?”

“अठरा हजारांच्या वर.”

ती हसली, हसताना तिला ढास लागली, आणि ती थांबल्यावर नवऱ्याला म्हणाली, “अहो, ऐकलंत का? चारशेंनी... श्रीमंत झालो की आपण. कुणाला सांगू नका.”

पुढचा आठवडाभर बाईंनी त्याचा पिच्छा पुरवला. शेजारीण म्हणाली, तो पैसेवालाच आहे, कारण आजपर्यंत त्याने कुणाकडे काही उसनं मागितलेलं नाही. किराणा दुकानदारही तेच म्हणाला. त्याचं कारण असं, की तो रोख देतो आणि घासाघीस करत नाही. ज्या इमारतींमध्ये तो लिफ्ट दुरुस्त करायचा, तिथल्या एका रखवालदाराने मात्र त्याला भिकारडा म्हटलं. वरच्या मजल्यावरच्यांनी खूश होऊन हातावर काही ठेवलं तरी घेत नाही, आणि त्यामुळे रखवालदाराचीही पंचाईत होते. शेवटी बाई त्याच्या कंपनीत गेल्या. तिथल्या मुकादमाने हजेरीपट समोर टाकला. मूळ पगार साडेपंधरा. गेल्या आठ महिन्यांपासून हा माणूस रोज ओव्हरटाइम करत होता, रविवारची सकाळ तेवढी सोडून. ऑपरेशनला पैसे लागतील, असं डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं त्या महिन्यापासून. तो ओव्हरटाइम धरून अठरा हजार चारशे होत होते.

म्हणजे बायकोच्या आजारानेच त्याला श्रीमंत केलं होतं.

बाई विधवा थोरल्या बहिणीबरोबर राहत. संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी हे सगळं ताईला सांगितलं, आणि अजूनही काहीतरी निसटतंय, असं म्हणाल्या. ताई म्हणाली, “तुला काही सापडलं नाही, याचंच तुला दुःख झालंय.” मग थोड्या वेळाने तिने विचारलं, आपल्या दोघींचा अर्ज गेला तर तो कुठल्या ट्रेमध्ये पडेल. बाईंचा पगार सव्वीस हजार होता. आपल्याला कधी कुणी श्रीमंत म्हणू शकेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्टवाल्याला कचेरीत बोलावलं. तो कामाच्याच कपड्यात आला. तो बसल्यावर बाई उठल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. सव्वीस वर्षांत अर्जदार समोर असताना त्यांनी दार कधी लावलं नव्हतं. मग खणातून एक कोरा अर्ज काढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, की ओव्हरटाइम काही कायमचा नसतो. नवा अर्ज भरा, त्यात मूळ पगारच लिहा, जुना मी फाडून टाकते. बाकी मी बघून घेते.

त्याने अर्जाकडे पाहिलं. मग दाराकडे. मग बाईंकडे.

“हे कशासाठी करताय?”

“तुमच्या बायकोसाठी.”

“तिला तुम्ही एकदाच पाहिलंय. आणि तेव्हा आमचे हातमोजे तपासत होता.”

तो जरा पुढे झुकला. आवाजात राग नव्हता. दुकानात भाव विचारावा तसा होता.

“किती द्यायचे तुम्हाला?”

बाईंचे कान तापले. आपण काही मागितलेलं नाही, असं त्या म्हणाल्या, पण शब्द इतके घाईने आले, की त्यांनाच ते खोटे वाटले. आजवर समोर बसलेली माणसं अगदी याच घाईने बोलत, आणि त्या वहीत रेघ मारत. लिफ्टवाल्याने कोरा अर्ज चार घड्या करून खिशात ठेवला, नमस्कार केला आणि तो गेला. जाताना दार उघडंच ठेवून गेला.

दोन दिवसांनी अधीक्षकांनी बाईंना बोलावलं. टेबलावर तो घडीचा अर्ज होता आणि त्याला जोडलेली लिफ्टवाल्याची तक्रार. तक्रारीत एक शब्दही वाढवून लिहिलेला नव्हता. बाईंनी पैसे मागितले असं त्याने म्हटलं नव्हतं, फक्त ‘दार लावून खोटा अर्ज भरण्यास सांगितले’ एवढंच. अधीक्षकांनी विचारलं, दार लावलं होतं का. होतं. अर्ज दिला होता का. दिला होता. पैसे मागितले होते का. नाही.

अधीक्षकांनी मूळ अर्ज उलटला आणि मागच्या पानावरच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. पाहणी करणाऱ्याचा शेरा.

“हे इथे लिहायचं होतं. ओव्हरटाइम आजारापोटी करतोय, मूळ पगार अमुक, शिफारस आहे. समितीला तेवढा अधिकार आहे. सव्वीस वर्षांत तुम्हाला हे माहीत नव्हतं?”

माहीत होतं. त्या चौकटीत बाईंनी शेकडो वेळा लिहिलं होतं. घरात फ्रिज आढळला. मुलाच्या पायात महागडे बूट. पडदे नवे. त्या चौकटीत कुणाच्या बाजूने काही लिहिता येतं, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. अधीक्षकांनी पेन पुढे केलं, आणि बाईंनी तिथेच उभ्याने चार ओळी लिहिल्या. अक्षर वाकडं आलं.

समितीने बहुतेक पैसे मंजूर केले. उरलेले आठ महिन्यांच्या ओव्हरटाइममधून निघाले. ऑपरेशन वेळेत झालं.

बाईंची मात्र चौकशी लागली. त्यांच्या गेल्या तीन वर्षांच्या फायली उघडल्या गेल्या. दोघेजण घरीसुद्धा येऊन गेले, रविवारी, जेवणाच्या वेळेला. दोन बायकांना तीन खोल्या कशा परवडतात, असं त्यांनी विचारलं. ताईने त्यांना बसायला खुर्च्या दिल्या आणि सांगितलं की एक खोली आमच्या भांडणासाठी राखून ठेवलीय. ते हसले नाहीत, लिहून घेतलं. काही सापडलं नाही. काही न सापडणं म्हणजे निर्दोष असणं नव्हे, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यांना तळमजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं गेलं. कचेरीतल्या मंडळींनी बोलणं सोडलं नाही. फक्त बाई आत आल्या की सगळे विषय बदलत.

पाच महिन्यांनी लिफ्टवाला तिथे आला. बायकोच्या ऑपरेशनच्या कागदांची नक्कल हवी होती. खिडकीपाशी बाईंना बघून तो थबकला. बाईंनी फाइल शोधली, नकला काढल्या, पानं लावून दिली. तो ती घेऊन उभाच राहिला.

“बाई, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी खरंच काही मागणार नव्हता?”

“नाही.”

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. लिफ्टचा दोर ओढून बघताना, याच्यावर किती भार टाकता येईल याचा अंदाज घेताना, बघत असेल तसं.

“बरं,” तो म्हणाला.

त्या ‘बरं’चा अर्थ काय, हे बाईंना कळलं नाही. तो गेल्यावर त्या रस्त्याकडच्या खिडकीशी आल्या. तळमजल्याच्या खिडकीतून बाहेरचा चढाचा रस्ता दिसायचा. त्याची बायको पुढे चालली होती, हातात पिशवी घेऊन, भराभर. चढ अर्ध्यावर आला तशी ती थांबली आणि वळली. तिला दम लागला नव्हता. नवरा मागे पडला होता. तो सावकाश, एका गुडघ्यावर हात ठेवत, वर येत होता, आणि ती कमरेवर हात ठेवून त्याची वाट बघत उभी होती.