घरचं माणूस आणा

"कुणाला पटणार न्हाय, पण माझे दात बघायला माझा विजयसिंह कॅनडातनं विमानानं आला," असं मी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जाहीर केलं. नवी कवळी तोंडात अजून परकी होती. बोलताना शिट्टी वाजायची.

धार काढता काढता म्हशीवाला ज्ञानू हसला. "दातासाठी, आकारामतात्या?"

"पहिल्यापास्नं ऐक. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मापासाठी गार लगदा तोंडात भरला. म्हणाल्या, नाकानं श्वास घ्या, हलू नका. तो असा घट्ट बसला, की ओढायला दोन पोरी लागल्या. साचा सुटंना, खुर्चीच निघाली! खुर्चीसकट मी जिन्यापर्यंत गेलतो."

"म्हशीला सांगा, ती बी हसंल."

"दुसऱ्या खेपेला मेणाच्या पट्टीवर चावायला लावलं, जबडे जुळतात का बघायला. तिसऱ्या खेपेला मेणातच दात बसवून तोंडात घालणार होत्या. म्हणाल्या, ह्या वेळी घरचं माणूस आणा. चेहरा पहिल्यासारखा दिसतोय का, ते घरच्यालाच कळतं. एकदा कवळी पक्की झाली की मग बदल न्हाय."

खुर्ची सोडली तर इथवर सगळं खरं. आमची ही जाऊन सहा वर्षं झाली. माझा पहिला चेहरा ठाऊक असलेला एकटा विजयसिंहच उरलाय. त्याला फोन केला, तर म्हणाला, "आबा, फोटो पाठवा की." मेणातले दात घालून फोटो काढायला कुणाला सांगू? पण हे कट्ट्यावर बोलायचं नाही. माणूस एकटा आहे असं कळलं की लोक पेल्यात दूध जरा जास्त ओततात, आणि ते घशाखाली उतरत नाही.

"मग?" ज्ञानूनं पेला पुढं केला.

"मग काय! दवाखान्याच्या दारात टॅक्सी. पोरगा थेट आत. माझी हनुवटी धरून तोंड डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं. डोळ्यांत पाणी. म्हणाला, आबा, तुम्ही अगदी माझ्या लग्नातल्यासारखं..."

"कुठला पोरगा, तात्या?"

दवाखान्यात झाडलोट करणारी धोंडुबाई किटली घेऊन मागं उभी होती.

"तासभर दाराकडं बघत बसलासा. शेवटी फरशी पुसणाऱ्या मलाच डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. तुमचं पहिलं तोंड मला काय म्हाईत? तरी मीच हनुवटी धरून बघितलं, अन् बरं दिसतंय म्हटलं की!"