नेड्राची कटकट

ईस्टरच्या रविवारी चर्चहून आल्यावर सगळ्या स्टेपली मंडळींची पंगत नेड्राकडे, आणि पंगत उठली की त्याच टेबलावर जुलैच्या सहलीची बैठक, हा शिरस्ता हाउसबोट घेतल्यापासूनचा. कनाब गावात माणसं घराचे व्यवहार उभ्या उभ्या उरकतील, पण पॉवेल तलावावरची सहल बसून, नीट, वाद घालूनच ठरते. यंदा टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती. नेड्राचा नवरा थेन गेल्या पानगळीत गेला. त्या खुर्चीवर कुणी बसेना, म्हणून नेड्राने तिच्यावर उरलेल्या हॅमचं ताट ठेवून दिलं. खुर्ची अडवून उगाच उदास व्हायला तिला वेळ नव्हता.

"पाणी किती आहे?" तिने विचारलं. बैठक कायम याच प्रश्नाने सुरू व्हायची.

"मागच्या वर्षीपेक्षा वर," तिची मुलगी मार्ली म्हणाली. लोक सकाळी उठून हवामान बघतात, मार्ली धरणाची पातळी बघायची. "डोंगरात बर्फ चांगलं पडलंय. पण कॅसल रॉकच्या खिंडीतली जवळची वाट पाण्याखाली जाऊन बोट निघेल की नाही, सांगता येत नाही."

"मग खिंड नाहीच असं धरून चाला. मोठा वळसा घ्यायचा. पहाटेच निघू आणि दुपारचा वारा सुटायच्या आत पाद्रे बे खाडीच्या वाळूत चारही नांगर पुरलेले हवेत. खड्डे नातवंडं खणतील. त्या निमित्ताने तरी फोन खाली ठेवतील."

"आणि पहिल्या दिवशीचं जेवण?" सून टॅमराने विचारलं.

"तुझं. मागच्या खेपेला तू फक्त खरबूज कापलं होतंस."

सगळे हसले, टॅमरासुद्धा. इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग डॅरेलने घसा खाकरला आणि नेड्राने ओळखलं की आता घोडं अडणार. तिचा हा मुलगा सेंट जॉर्जला दातांचा डॉक्टर. वाईट बातमी द्यायची झाली की त्याचा आवाज एकदम मऊ व्हायचा, पेशंटला 'आता थोडंसं दुखेल' म्हणतो तसा.

"आई, आम्ही असा विचार केलाय की यंदाची सहल झाली की बोट विकून टाकावी."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि टॅमरा." टॅमरा आपल्या ताटातल्या हिरव्या जेलीकडे बघू लागली. "अगं, एवढी मोठी हाउसबोट. बाबा होते तोवर ठीक होतं. आता चालवणार कोण?"

"मी."

या वेळी हशा जास्त मोठा झाला. मार्लीला तर ठसका लागला.

"तू मोकळ्या पाण्यात चालवतेस, ते माहीत आहे ग मला," डॅरेल म्हणाला. "बाबा झोपायचे तेव्हा. तिथे काय, आडवंतिडवं कसंही न्या. पण परत येऊन धक्क्यावरच्या आपल्या अरुंद गाळ्यात लावायची कोणी? शेजारी दोन्ही बाजूंना लाखालाखाच्या बोटी. बाबांचा हात होता तो. त्यांना एक ओरखडा पाडताना कधी बघितलंय का आपण?"

"नाही," नेड्रा म्हणाली. "एकही नाही."

एवढं बोलून तिने बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं, आणि वाद अर्ध्यात सोडून ती वाढायला लागली म्हणजे काहीतरी आहे हे त्या घरात कुणालाही कळायला हवं होतं.

गोष्ट अशी होती. बोट घेतली त्याच हिवाळ्यात लाकडाच्या वखारीत थेनच्या डाव्या डोळ्यात ढलपी उडाली आणि तो डोळा कायमचा गेला. दिसायला डोळा धड, आत अंधार. सीडर सिटीच्या डॉक्टरांना ठाऊक, थेनला ठाऊक आणि नेड्राला. पोरांना कळलं तर ती बोटीवरून उतरवतील, म्हणून थेनने तिच्याकडून वचन घेतलं होतं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात बोट धक्क्याकडे वळली की नेड्रा पुढच्या दारात जाऊन उभी राहायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. 'थेन, हळू. अरे हळू म्हटलं ना. उजवं इंजिन मागे घे. आता डावं पुढे, जरासं.' तो म्हणायचा, 'दिसतंय ग बाई मला, डोळे आहेत!' आणि ती सांगेल तसं तंतोतंत करायचा. पोरं खोखो हसायची. आईच्या कटकटीची नक्कल हा सहलीतला हमखास कार्यक्रम होता, आणि एका फादर्स डेला डॅरेलने बापाला कान झाकायचे मोठे गोळे भेट दिले होते. थेनने ते सगळ्यांसमोर घालून दाखवले, सगळ्यांबरोबर हसला आणि धक्क्यावर जाताना मात्र घरी ठेवून गेला.

आता ती एका वाक्यात डॅरेलची बोलती बंद करू शकली असती. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण थेनला जाऊन सहा महिने झाले नाहीत तोवर त्याला भर पंगतीत आंधळा ठरवायचं, तेही त्याच्याच मुलासमोर, हे तिला मरेपर्यंत जमलं नसतं. बोट गेली तरी चालेल, असंही मात्र तिने क्षणभरसुद्धा मनात आणलं नाही. नेड्राला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही मिळेल याची तिला खात्री होती.

"ठीक आहे. यंदा तू चालव," ती म्हणाली.

डॅरेलला हे इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. खुशीत येऊन तो म्हणाला, "पण एक अट आहे. माझ्या कानाशी कटकट नको. मी बाबांसारखा सोशिक नाही."

"कबूल. अवाक्षर काढणार नाही. आता माझी अट ऐक. मे महिन्यात खिंड बघायला आपण बोट बाहेर काढतो, तेव्हा परत येताना तू ती गाळ्यात लावून दाखव. लावलीस तर खुशाल विक, मी स्वतः जाहिरात देईन. नाही जमलं तर सुकाणू माझं आणि विकायचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"अगं आई, मी पंधरा वर्षांचा असल्यापासून स्पीडबोट चालवतोय!"

"मग तर प्रश्नच मिटला," नेड्रा म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी सकाळी पाणी आरशासारखं होतं. डॅरेलने बोट गाळ्यातून मागे काढली, ती छान निघाली. वारा नसला की बोट कुणाचंही ऐकते. खिंडीपाशी जाऊन मार्लीने डोळ्यांवर हात धरून बघितलं. मधली वाळू अजून उघडी होती, तेव्हा नेड्राचा वळसा कायम झाला. कड्यांवरचे, जुनं पाणी उतरल्याचे पांढरे पट्टे यंदा अरुंद झाले होते आणि मागच्या वर्षी जिथे तंबू ठोकले तो किनारा आता अर्धा पाण्यात होता. नेड्राने पलीकडची एक नवी वाळू हेरली. दुपारी पश्चिमेला आडोसा, पाण्याला उतार कमी, लहान पोरांना बरी. जुलैचा मुक्काम तिथेच ठरला. डॅरेल शीळ घालत होता आणि टॅमरा बोटीचे फोटो काढत होती. ते कशासाठी, हे नेड्राला न विचारताच कळलं.

परत फिरले आणि वारा सुटला. वसंतातला वारा, वाळूसकट आलेला. हाउसबोट म्हणजे पाण्यावर ठेवलेला लांबलचक खोका, वारा तिला जिथे कोपरा दिसेल तिथून ढकलतो. धक्का जवळ आला तशी डॅरेलची शीळ थांबली. नेड्रा पुढच्या डेकवर खुर्ची टाकून बसली होती, धक्क्याकडे तोंड करून, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पिशवी घेऊन. मार्ली हातात लांब काठी घेऊन कठड्याशी उभी.

पहिल्या खेपेला बोट गाळ्याच्या तोंडाशी आली आणि वाऱ्याने तिचं नाक डावीकडे फिरवलं. डॅरेलने गडबडीने चाक फिरवलं. दोन इंजिनांच्या बोटीला इतक्या हळू वेगात चाकाचा काही उपयोग नसतो, ती वळते दोन इंजिनांच्या दोन दांड्यांनी, पण स्पीडबोटवाल्याचा हात आधी तिकडेच जातो. कशीबशी बोट मागे घेऊन तो पुन्हा आला. नेड्राने एक बी फोडली.

दुसऱ्या खेपेला बोट तिरकी झाली ती थेट शेजारच्या कोऱ्या, चकचकीत बोटीच्या दिशेने. तिचा मालक हातातलं सँडविच टाकून धावत आला आणि हात हलवून ओरडू लागला. मार्लीने काठी पुढे केली. काठीने काय होणार होतं, देव जाणे.

"आई!" डॅरेल आतून ओरडला.

नेड्राने मागे वळून बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पण बोट थेनची होती आणि पैज लावताना तिने वाऱ्याला विचारलं नव्हतं.

"आई, बोल ना काहीतरी!"

"अट आहे ना?"

"अट गेली खड्ड्यात! सांग, काय करू?" डॅरेल चर्चमध्ये मोठ्या मानाच्या जागेवर होता आणि त्याच्या तोंडून याहून कडक शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता.

बिया डेकवर सांडल्या. नेड्रा उठली आणि दारात, तिच्या नेहमीच्या जागी, जाऊन उभी राहिली. "चाक सोड. दोन्ही हात दांड्यांवर. उजवं मागे. डावं पुढे, जरासं. जरासं म्हटलं मी! आता थांब. काही करू नकोस, येऊ दे तिला. उजवं पुढे. हळू. हळू रे राजा. दोन्ही बंद."

बोट गाळ्यात शिरली आणि रबराला अलगद टेकली. मार्लीने दोर फेकला. शेजारच्या माणसाने आपलं सँडविच उचललं, त्यावरची वाळू बघितली आणि पुन्हा टाकून दिलं.

डॅरेल खुर्चीतच बसून राहिला. हात अजून दांड्यांवर होते. तो म्हणाला, "तू बाबांनाही हेच सांगायचीस. अगदी असंच."

"मी कटकट करायचे. तूच म्हणायचास."

"आई, बाबांना—"

"तुझ्या बाबांनी या बोटीला ओरखडा पडू दिला नाही. ऊठ आता. दोर सोड, मार्ली. परत बाहेर काढायची आहे."

"वेडी झालीस का? आत्ता तर लागली!"

"तू लावलीस. सुकाणू माझं ठरलंय ना? मग मीच लावायला हवी, आणि याच वाऱ्यात. जुलैत नातवंडांच्या देखत पहिल्यांदा करून बघू की काय?"

टॅमराने फोन पर्समध्ये टाकला आणि आपण होऊन उरलेला दोर सोडला. नेड्रा थेनच्या खुर्चीत बसली, खुर्ची पुढे ओढली, बोट मागे घेतली, मोकळ्या पाण्यात वळवली आणि सरळ गाळ्याकडे आणली. या वाटेचा शब्दन् शब्द तिला पाठ होता. मग तिने बोटीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे बघितलं.

कोपरा दिसेना. वरच्या मजल्याचा लोखंडी जिना नेमका मध्ये येत होता. ती डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, उठून बघितलं. दोन धडधाकट डोळ्यांनी बघितलं. जिना, त्यामागे आकाश, आणि शेजाऱ्याच्या बोटीचा पत्ताच नाही. दारात उभं राहणाऱ्याला सगळं दिसतं, पण या खुर्चीतून ते कुणालाच दिसलं नसतं, गरुडाचे डोळे लावले असते तरी. मोकळ्या पाण्यात त्या कोपऱ्याची गरजच पडायची नाही, म्हणून तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. थेनच्या ध्यानात येण्याचं तर कारणच नव्हतं. त्याने ही बोट दोन डोळ्यांनी कधी गाळ्यात लावलीच नाही.

दर वर्षी सहलीहून परतताना गाडीत तो एकदा तरी म्हणायचा, "पोरांना फसवतोय ग मी. कप्तान तू, आणि टोपी माझ्या डोक्यावर." आणि ती म्हणायची, "रस्त्याकडे बघ." नऊ उन्हाळे तो माणूस स्वतःला लबाड समजत राहिला, आणि नऊ उन्हाळे तिनेही मनातल्या मनात त्याला दुजोरा दिला. त्याला बोलावून या खुर्चीत बसवावं आणि दाखवावं, अरे वेड्या, हा जिना बघ, असं तिला इतकं वाटलं की समोरचं पाणीच पुसट झालं. तिने बाहीने डोळे पुसले. वारा बोटीचं नाक ढकलू लागला होता.

"डॅरेल!" तिने हाक मारली. "त्या दारात उभा राहा. आणि बोल."

"काय बोलू?"

"दिसेल ते सगळं. कटकट कर."

तो दारात गेला. आधी चाचरला, मग त्याला आवाज सापडला. "हळू, आई. अजून जागा आहे. आता उजवं मागे," तो म्हणाला, आणि नेड्राने उजवा दांडा मागे ओढला.