वाढवलेला महिना

माझं गणित चुकत नाही, आणि कुणी शंका घेतली की माझं डोकं फिरतं. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला पुरत नाहीत, म्हणून दर तिसऱ्या वर्षी, वर्ष संपता संपता, आम्ही एक महिना वाढवतो. कधी वाढवायचा ते मी आकाश बघून सांगतो आणि राजा हुकमावर शिक्का मारतो. तीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या सकाळी मी हुकूम कोरलेली ओल्या मातीची पाटी राजापुढे ठेवली. "यंदा महिना वाढवावा लागेल, महाराज."

राजाने बोटांवर मोजलं. "गणकबुवा, मागचा वाढवून दोनच वर्षं झाली."

"आकाश मी बघतो की तुम्ही?" मी खेकसलो.

तो रागावला नाही. "तुमच्या धाकटीचं लग्न कधी आहे?"

आता आली का पंचाईत! "नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी," मी पुटपुटलो. "लगेच सासरी जाणार. लांब आहे हो, नदीपलीकडे, दहा दिवसांची वाट."

"म्हणजे हा महिना वाढला, तर ती आणखी महिनाभर घरी."

मी मान खाली घातली. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे ते धड जमलंही नव्हतं.

राजाने शिक्का उचलला आणि मातीत नीट दाबला. पाटी परत देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"माझी लेक सासरी गेली, त्या वर्षी का नाही हो चुकलं तुमचं गणित?"