धूरखाऊ झाडाचं बी

एप्रिल शहाण्णवमधल्या एका सकाळी कमळाबाई रोपवाटिकेत कामावर आली ती ओल्या फडक्यात एक रोप गुंडाळूनच. मुळांना ओढ्याचा चिखल तसाच होता. तिनं ते आभाच्या टेबलावर ठेवलं.

"ताई, हे तुमचं धूरखाऊ. आमच्या ओढ्यात कसं आलं?"

आभा कारखानीस पनवेलची. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती नेरे गावाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खासगी रोपवाटिकेत लागली होती. इथं दोन परदेशी बाभळींच्या संकरातून एक नवं झाड तयार केलं होतं. वीतभर रोप तीन वर्षांत दुमजली घराएवढं वाढायचं. हवेतला कार्बन ओढून ते लाकडात कोंडून ठेवतं, असं मालक सांगत. म्हणून कामावरच्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं धूरखाऊ. मुख्य म्हणजे झाड वांझ होतं. लावाल तिथंच राहणार, रानात पसरणार नाही. तसा दाखला गेल्या वर्षी आभानंच लिहून दिला होता.

"कुणीतरी नेऊन लावलं असेल," ती म्हणाली.

"येकच असतं तर मीबी तेच बोलले असते. चला, दाखवते."

ओढ्यात डबक्यांपुरतंच पाणी उरलं होतं. दोन्ही काठांना गुडघाभर रोपं दाटीनं उभी होती. आभानं मोजायला सुरुवात केली आणि दोनशेनंतर सोडून दिलं. रोपांखाली गवताची काडी नव्हती.

"ढोरं तोंड लावत नाय," कमळाबाई म्हणाली. "पाडव्याला मी ही कापून टाकली व्हती. आता बघा."

कापलेल्या प्रत्येक खुंटातून पाच-सहा नवे कोंभ वर आले होते. हा ओढा पुढं गाढी नदीला मिळतो, गाढी पनवेलवरून खाडीत जाते. पावसाळा दीड महिन्यावर होता.

परत आल्यावर तिनं लांब आकडीनं एका मोठ्या झाडाच्या शेंड्याकडची फांदी खाली ओढली. पिळदार शेंगांचा घोस हाताशी आला. बहुतेक शेंगा पोकळ निघाल्या, पण दहातल्या एकीत टपोरं काळं बी होतं आणि प्रत्येक बीला नारिंगी धागा. वरच्या फांद्यांवर बुलबुल तेच धागे टिपत होते. बी पोटात घेऊन ते कुठवर उडत असतील?

गेल्या वर्षी तिनं फक्त खालच्या फांद्या तपासल्या होत्या, त्याही एकाच आठवड्यात. मालकांना घाई होती, आणि शिडी लावून वर चढायचा तिनं कंटाळा केला होता.

कवच मऊ व्हावं म्हणून तिनं बियांवर गरम पाणी ओतलं, ओल्या टीपकागदावर त्या मांडल्या. पाचव्या दिवशी वीसपैकी सतरा बियांना पांढरी मुळं फुटली. ती बशी घेऊन ती मालकांकडे, उदयसिंह मोहित्यांकडे गेली.

त्यांनी शांतपणे बशी पाहिली. "किती जणांना दाखवलंस?"

"अजून कुणाला नाही, सर."

"दाखल्यावर सही कुणाची आहे?"

आभानं बशी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"सतरा मेला वनखात्याचे पाहुणे येतायत. या पावसाळ्यात वीस लाख रोपं जिल्ह्यातल्या डोंगरांवर जाणार आहेत. खोटा दाखला देणारी मुलगी म्हणून नाव झालं, तर तुला कोण दारात उभं करेल? नीट विचार कर." त्यांनी स्वतः उठून बशी नळाखाली धरली आणि स्वच्छ धुऊन तिच्या हातात दिली. आवाज जराही चढला नव्हता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

घरी जाताना एसटीच्या खिडकीतून कर्नाळ्याचा डोंगर दिसला. साग, ऐन, करवंदीच्या जाळ्या, सगळं जाऊन तिथं तेच एक राखी-हिरवं झाड उभं आहे, असं तिला क्षणभर वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले. जेवण जाईना. आईनं काय झालं विचारलं, तर पित्त झालंय म्हणाली. पण रुमालात थोड्या बिया उरल्या होत्या. त्या तिनं डब्याच्या झाकणात ओला कागद घालून पुन्हा रुजत घातल्या.

सतरा तारखेला मांडवात पाहुणे बसले. उदयसिंह म्हणाले, "बी नाही, तर धोकाही नाही." आभा मागं उभी होती. डब्याचं झाकण तिनं हातात घट्ट धरलं होतं. शेजारी कमळाबाई मुळांसकट उपटलेल्या रोपांची मोळी घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "तुमी नाय बोललात तर मी बोलेन. पण माझं कोण ऐकनार?"

आभा पुढं गेली आणि तिनं झाकण टेबलावर ठेवलं. कमळाबाईनं शेजारी मोळी टाकली. पाहुण्यांतल्या एका वयस्कर वनाधिकाऱ्यांनी चष्मा लावून एक कोंभ उचलला. मग समोरचा दाखला पाहिला.

"हा तुम्ही दिलाय?"

"हो. तो चुकीचा आहे. मी शेंड्यावर पाहिलंच नव्हतं."

उदयसिंह काहीतरी बोलू लागले. अधिकाऱ्यांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि विचारलं, "ओढा कुठं आहे?"

त्या पावसाळ्यात रोपं डोंगरांवर गेली नाहीत. मोठी झाडं तोडली, खुंट जाळले. आभाची नोकरी त्याच दिवशी सुटली आणि पुढची दोन वर्षं तिला कुणी दारात उभं केलं नाही. पाऊस उघडला की ती नेऱ्याला जायची. कमळाबाई आणि गावातल्या बायकांबरोबर चिखलात बसून रोपं उपटायची. पहिल्या वर्षी गाडीभर निघाली, दुसऱ्या वर्षी चार भारे, तिसऱ्या वर्षी ओंजळभर. कमळाबाई म्हणाली, "संपलं बघा, ताई."

चौथ्या वर्षी आभा भाजी घेऊन पनवेलमध्ये गाढीच्या पुलावरून येत होती. खाली काठावरच्या दगडी भिंतीच्या फटीत ते झाड उभं होतं, तिच्या उंचीचं. शेंड्याला पिवळा मोहोर आला होता आणि खालच्या घोसांतल्या शेंगा उकलून रिकाम्या झाल्या होत्या. पिशवी तिथंच टाकून ती खाली उतरली आणि दोन्ही हातांनी बुंधा धरून ओढू लागली. मूळ भिंतीत खोल गेलं होतं, हलत नव्हतं. पुलावर माणसं थांबून पाहू लागली. ती नखांनी माती उकरत राहिली.